अपमान चारचौघांत, माफी मात्र बागेत: अशा नायकाला तुम्ही माफ करता का?

निळी_शाई (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

रीजन्सी काळातल्या, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या इंग्लंडमधल्या प्रेमकादंबऱ्या मी गेली वीस-बावीस वर्षं वाचते आहे. ड्यूक आणि अर्ल असे बडे उमराव, त्यांची कर्जबाजारी भावंडं, लंडनचा सीझन म्हणजे तिथला मेजवान्या-नाचांचा हंगाम, चहा पिता पिता दुसऱ्याच्या घराण्याची उलटतपासणी घेणाऱ्या म्हाताऱ्या, या सगळ्यावर माझा मनापासून जीव आहे. नायकात खोट असलेलीच मला आवडते. तो गर्विष्ठ असू दे, तापट असू दे, जुगारात अर्धी जमीन घालवून बसलेला असू दे. पण या आठवड्यात एका कादंबरीच्या २१४ व्या पानावर मी अडकले ती अडकलेच. पुस्तकाचं नाव मुद्दाम देत नाही, कारण प्रश्न त्या एका पुस्तकापुरता नाही.

गोष्ट १८१६ सालची. नायक बत्तीस वर्षांचा अर्ल. नायिका त्याच्या आईची लेडीज मेड, म्हणजे कपडे, केस, दागिने सांभाळणारी खास मोलकरीण. नोकरीला लागून साडेदहा महिने झालेत. रात्री ग्रंथालयात दोघांची गाठ पडायला लागते, पुस्तकांवर बोलणं होतं, एकदा ती त्याच्या हातमोज्याची उसवलेली शिवण घालून देते. इथवर मी अगदी विरघळले होते.

मग आईचं कंकण हरवतं. अर्ल घरातल्या सगळ्या नोकरांना मोठ्या दालनात रांगेत उभं करतो आणि सगळ्यांसमोर नायिकेची पेटी जमिनीवर पालथी करवतो. लेखिकेनं हे फार ताकदीनं लिहिलंय. दोन शेमीज, दात पडलेला कंगवा, दोऱ्यानं बांधलेली आईची पत्रं, अर्धवट विणलेला मोजा. मोज्यातली एक सुई निसटते आणि संगमरवरावरून घरंगळत जाते. सगळे नुसते बघत राहतात. एक फूटमन, म्हणजे वर्दीतला घरनोकर, तेवढा वाकतो, सुई उचलतो आणि तिच्या हातात देतो. कंकण काही सापडत नाही. पण कपाटाची किल्ली तिच्याकडे होती, म्हणून त्याच संध्याकाळी अर्ल तिला घालवून देतो. चारित्र्याचा दाखला मिळणार नाही, असं बजावतो. वर म्हणतो, मॅजिस्ट्रेटला बोलावत नाही ही माझी दया समज.

पंधरा दिवसांनी कंकण सापडतं ते आईच्याच प्रवासी झग्याच्या अस्तरात. तो तिला शोधत फिरतो. आठ महिन्यांनी ती लंडनमध्ये शर्ट शिवताना सापडते. तिच्या त्या आठ महिन्यांना पुस्तकात किती जागा असावी? मी मोजल्या, अकरा ओळी. त्यानंतर रात्रीची बाग, तो गुडघे टेकतो, माफी मागतो. शब्द खरोखर सुंदर आहेत. ती रडते, प्रकरण संपतं.

मला रडू आलं नाही. मी पुस्तक मिटून ठेवलं.

असं का झालं ते मला माहीत आहे, तेही सांगते. सतरा वर्षांपूर्वी मी एका ऑफिसात हिशेब बघत होते. एक दिवस रोकड कमी भरली. साहेबांनी सगळ्यांना बाहेर बोलावलं आणि अकरा जणांसमोर माझा ड्रॉवर आणि पर्स टेबलावर रिकामी करायला लावली. काही सापडलं नाही. तरी दुसऱ्या दिवसापासून येऊ नको म्हणाले. तीन आठवड्यांनी त्यांचा फोन आला. एक नोंद दोनदा झाली होती, पैसे जागेवरच होते. आवाज अगदी मऊ होता. 'तुझी काही चूक नव्हती गं, विसरून जा आता.' आरोप अकरा जणांसमोर झाला आणि माफी एकटीच्या कानात. अर्लच्या त्या बागेत मला तोच फोन ऐकू आला.

तर मंडळी, विचारायचं ते हे. हाताखालच्या माणसावर केलेला अन्याय आणि बरोबरीच्या माणसाशी केलेला उद्धटपणा, दोन्हीला तुम्ही 'नायकाचा दोष' या एकाच खात्यात टाकता का? आणि पहिल्या प्रकारच्या नायकाला माफ करायला तुम्हाला काय लागतं?

---

पानोपानी

निळी शाई ताई, तुमचा अनुभव वाचून वाईट वाटलं. तुमच्या साहेबांची बाजू मी मुळीच घेत नाही. अर्लची मात्र थोडी घेणार आहे.

धुतल्या तांदळासारखा नायक मला दहा पानंही सोसवत नाही. मोठी चूक केलेला माणूस प्रेमामुळे आतून हलतो, हे बघायलाच तर आपण या कादंबऱ्या हातात घेतो. चूक जेवढी मोठी तेवढा तो जास्त हलणार. शिवाय काळ बघा ना. १८१६ सालचा अर्ल मोलकरणीपुढे गुडघे टेकतोय! त्याच्या आईनं, मित्रांनी, क्लबातल्या लोकांनी हे पाहिलं असतं तर त्याला तोंड दाखवायला जागा राहिली नसती. नोकरांवर संशय घेणं त्याला लहानपणापासून शिकवलेलं आहे. ते शिकवणं एका माणसासाठी मोडून काढणं मला मोठं वाटतं.

आणखी एक सांगते. माझे वडील दोन वर्षं अंथरुणाला खिळून आहेत. रात्री त्यांना झोप लागली की मी तासभर वाचते. त्या तासात मला खात्री हवी असते की कितीही बिघडलं तरी शेवटी नीट होणार आहे. नायकाच्या पापाचा हिशेब करत बसायची ताकद तेव्हा अंगात नसते. बागेतलं ते प्रकरण बहुधा मी वाचलेलं आहे, आणि मी रडले होते.

---

निळी_शाई

पानोपानी, ती खात्री मलाही हवी असते, म्हणूनच हे वाचते. शेवट गोड नको असं माझं म्हणणंच नाही. तो गोड शेवट मला माझ्या हक्कानं हवा आहे.

फरक कसा वाटतो सांगते. समजा, नायक एखाद्या जमीनदाराच्या मुलीला नाचाच्या समारंभात टाकून बोलला. ती उलट बोलू शकते, पाठ फिरवू शकते, मैत्रिणींना सांगून आठवडाभर त्याची फजिती करू शकते, आणि रात्री स्वतःच्याच बिछान्यात झोपते. मोलकरणीला टाकून बोलला तर तिनं काय करायचं? तिचा बिछानाही त्याच्याच घरात आहे. पहिल्या ठिकाणी त्याचा स्वभाव वाईट आहे एवढंच. दुसऱ्या ठिकाणी त्या स्वभावाच्या हातात तिची भाकरी आहे.

---

जुनी_बखर

धागा आवडला. मी प्रेमकादंबऱ्यांपेक्षा त्या काळाचा इतिहास जास्त वाचतो, तेव्हा तुमच्या त्या अकरा ओळींत काय काय बसवायचं राहून गेलं ते सांगावंसं वाटतं.

सुरुवात त्या 'दये'पासून करतो. तेव्हाच्या इंग्लंडमध्ये राहत्या घरातून ४० शिलिंग किंवा त्याहून जास्त किमतीची वस्तू चोरणं हा फाशीचा गुन्हा होता. ४० शिलिंग म्हणजे फक्त दोन पौंड. अर्लच्या आईचं कंकण त्याच्या कितीतरी पट किमतीचं असणार. प्रत्यक्षात बऱ्याच जणांची शिक्षा कमी व्हायची, ऑस्ट्रेलियाला काळ्या पाण्यावर पाठवायचे. पण कायद्याच्या पुस्तकात फाशी होतीच. म्हणजे 'मॅजिस्ट्रेटला बोलावत नाही' याचा त्या मुलीनं ऐकलेला अर्थ असा: तुझा जीव माझ्या हातात आहे.

आणि ही भीती पुस्तकी नव्हती. २६ जुलै १८१५ ला लंडनमध्ये एलायझा फेनिंग नावाच्या तरुण स्वयंपाकिणीला न्यूगेट तुरुंगाबाहेर फाशी दिलं. मालकाच्या कुटुंबाला डंपलिंगमधून, म्हणजे पिठाच्या उकडलेल्या गोळ्यांतून, आर्सेनिक हे विष घातल्याचा आरोप. ती शेवटपर्यंत 'मी निर्दोष आहे' म्हणत राहिली, आणि ते डंपलिंग खाऊन ती स्वतःही आजारी पडली होती. तुमची कादंबरी १८१६ ची आहे ना? तुमच्या नायिकेसारख्या प्रत्येक मुलीला तेव्हा एलायझाचं नाव ठाऊक असणार.

पानोपानी, 'तो काळच तसा होता' याचं उत्तरही इथेच मिळतं. एलायझाच्या अंत्ययात्रेला हजारो लोक लोटले होते. तिच्या बाजूनं पत्रकं निघाली, लेख आले, मालकाच्या घरासमोर गर्दी जमली. मालकाच्या शब्दावर नोकराचा जीव जातो हे चूक आहे, हे त्याच काळातल्या माणसांना कळत होतं. अर्लच्या कानावर ते गेलं नसेल असं मानणं मला जड जातं.

आता साडेदहा महिन्यांबद्दल. त्या वेळच्या गरीब-कायद्यात अविवाहित नोकरानं वर्षाच्या कराराची चाकरी पूर्ण केली की त्या पॅरिशमध्ये (चर्चच्या हद्दीतल्या गावात) त्याचा ठाव लागायचा, म्हणजे अडीअडचणीला तिथली मदत मागायचा हक्क मिळायचा. तो मिळू नये म्हणून काही मालक मुद्दाम एक्कावन्न आठवड्यांचा करार करत. तुमच्या नायिकेला दीड महिना कमी पडला. लेखिकेनं हे जाणून लिहिलं की अनवधानानं, सांगता येत नाही. पण त्या दीड महिन्यापायी ती मुलगी त्या गावात मदतीलाही उभी राहू शकत नव्हती.

दाखल्याचं म्हणाल तर तो देण्याची मालकावर कायद्यानं कसलीच सक्ती नव्हती. खोटा दाखला दिला किंवा वापरला तर शिक्षा होती, १७९२ च्या कायद्यानं. खरा दाखला अडवून ठेवला तर मात्र काहीच नाही.

आणि साल १८१६! आदल्या वर्षी तांबोरा ज्वालामुखी फुटला होता, युरोपात त्या साली उन्हाळा असा झालाच नाही. थंडी, सततचा पाऊस, पिकं शेतात कुजली, पावाचे भाव चढले. नेपोलियनशी चाललेलं युद्ध संपून हजारो सैनिक घरी परतलेले, कामाला हात जास्त आणि कामं कमी. मे महिन्यात इंग्लंडमधल्या लिटलपोर्ट आणि इली या गावांत भुकेले शेतमजूर रस्त्यावर उतरले. जूनअखेर त्यांतल्या पाच जणांना फाशी झाली. समजा, मार्च ते नोव्हेंबर १८१६ हे आठ महिने दाखल्याशिवाय लंडनमध्ये काढलेली मुलगी बागेत कशी उभी राहील, तिचे हात कसे असतील, ती समोरच्या थाळीकडे आधी बघेल की त्याच्याकडे, हे सगळं लिहायचं राहिलंय.

---

मागची_पायरी

पहिल्यांदाच लिहितेय इथे. एरवी वाचून जाते.

माझी आई लोकांकडे धुणीभांडी करायची. ज्या घरी जायची तिथे मी मागच्या पायरीवर बसून अभ्यास करायचे. तिच्या बोटांच्या पेरांना साबणानं भेगा पडलेल्या असायच्या. रात्री ती त्यांत मेण भरायची आणि मग पानं उलटता येत नाहीत म्हणून पुस्तक मला वाचायला सांगायची. आम्ही दोघींनी अशा किती प्रेमकथा वाचल्या असतील! मोलकरीण नायिका असली की आई सावरून बसायची. आणि तीनशेव्या पानाच्या आसपास हमखास कळायचं की ती मुळात मोलकरीण नव्हतीच. कुणा बॅरनची हरवलेली मुलगी, नाहीतर ज्याच्या इस्टेटीवर काकानं डल्ला मारला त्या घराण्याची वारस. आई म्हणायची, 'म्हणजे आपल्यातली नव्हती.' आणि उठून कामाला लागायची.

मला हा दोष नायकाच्या दोषापेक्षा मोठा वाटतो. नायकानं कुणाला माफ केलं, कुणाची माफी मागितली, सगळंच त्यामुळे पोकळ होतं. तो शेवटी आपल्याच वर्गातल्या मुलीची माफी मागत होता, फक्त त्याला ते ठाऊक नव्हतं.

हॅना कलविक ही बाई तुमच्यापैकी कुणाला माहीत आहे का? व्हिक्टोरियन काळातली खरीखुरी मोलकरीण, तिच्या डायऱ्या शिल्लक आहेत. आर्थर मन्बी नावाच्या शिकल्यासवरल्या सरकारी नोकराशी तिची १८५४ मध्ये ओळख झाली आणि १८७३ मध्ये दोघांनी गुपचूप लग्न केलं. लग्नानंतरही ती त्याच्या घरात लोकांसमोर मोलकरीण म्हणूनच वावरायची, आणि त्यात तिची स्वतःची इच्छाही होती. बाईसाहेब होऊन बसणं तिला नको होतं. कामात आपण मोकळ्या आहोत असं तिला वाटायचं. मन्बी काही सरळ माणूस नव्हता. काजळीनं माखलेल्या, राबणाऱ्या बायकांचं त्याला विलक्षण आकर्षण होतं. त्यात प्रेम किती आणि हौस किती, हे वाचताना मला अनेकदा अस्वस्थ व्हायला झालं. पण निदान तिथे तिचे हात शेवटपर्यंत मोलकरणीचेच राहिले, आणि तिला काय हवं ते तिनं स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवलं.

आई असती तर तिला हे वाचून दाखवलं असतं.

---

पानोपानी

मागची_पायरी, तुमच्या आईचं ते एक वाक्य वाचून मी बराच वेळ पुढचं काही वाचलंच नाही. लिहीत राहा प्लीज.

बखरकाका, एलायझाचं मला माहीत नव्हतं. 'काळ तसा होता' हे मी फार सहज बोलून गेले, मागे घेते. पण एक विचारते. अशी लग्नं प्रत्यक्षात होत होती का? की आपण सगळे मुळातच न घडणाऱ्या गोष्टीत न्याय-अन्याय शोधत बसलोय?

---

जुनी_बखर

होत होती. मोजकी, पण होत होती, आणि नायक दोषीच असत.

अपपार्क ही ससेक्समधली हवेली. तिचा मालक सर हॅरी फेदरस्टनहॉ. १८२५ साली वयाच्या सत्तराव्या वर्षी त्यानं स्वतःच्या दुग्धशाळेत काम करणाऱ्या मेरी ॲन बुलक या विशीतल्या मुलीशी रीतसर लग्न केलं. तिला शिकायला पॅरिसला पाठवलं. १८४६ मध्ये तो गेला तेव्हा सगळी इस्टेट तिच्या नावे होती. इथवर अगदी कादंबरी. पण त्याच हवेलीत चाळीसेक वर्षांपूर्वी त्यानं दुसरी एक मुलगी आणून ठेवली होती. लोहाराची मुलगी, वय पंधरा-सोळा. तिला दिवस गेल्यावर त्यानं तिला घालवून दिलं. तिनं त्याला सात पत्रं पाठवली, उत्तर एकाचंही आलं नाही. हे तिनं एका मित्राला लिहिलेल्या पत्रातच आहे. ही मुलगी म्हणजे पुढे इंग्रज नौसेनापती नेल्सनची प्रेयसी म्हणून जगभर नाव झालेली एमा हॅमिल्टन. तीही १८१५ मध्ये फ्रान्समधल्या कॅलेला कर्जात आणि हलाखीत वारली.

दुसरा हेन्री सेसिल. एक्झिटरच्या अर्लचा वारस. बायको दुसऱ्याबरोबर निघून गेलेली, डोक्यावर कर्ज. हा श्रॉपशायरमधल्या एका खेड्यात 'जॉन जोन्स' या खोट्या नावानं राहिला आणि १७९० मध्ये सेरा हॉगिन्स या शेतकऱ्याच्या मुलीशी लग्न केलं. तेव्हा त्याचं पहिलं लग्न मोडलेलंही नव्हतं! घटस्फोट तेव्हा पार्लमेंटच्या खास कायद्यानंच मिळायचा. तो १७९१ मध्ये मिळाल्यावर त्यानं तिच्याशी पुन्हा लग्न केलं. १७९३ मध्ये तो अर्ल झाला आणि सेरा बर्लीच्या प्रचंड हवेलीत काउंटेस म्हणून आली. बाळंतपणानंतर १७९७ च्या जानेवारीत गेली, वय अवघं तेवीस. लोकांनी या गोष्टीची गोड दंतकथा केली. तिला खोट्या नावानं लग्नाला उभं केलं होतं, हे त्या दंतकथेत हळूहळू पुसट होत गेलं.

---

कच्चा_खर्डा

मी याच काळावरची कादंबरी लिहितोय, चौथा खर्डा चालू आहे, आणि नेमका याच ठिकाणी दोन महिने खोळंबलो होतो. माझ्या नायकाचाही गुन्हा असाच आहे, आरोप करून घराबाहेर काढणं. तेव्हा लिहिणाऱ्याच्या बाजूनं सांगतो.

पहिल्या खर्ड्यात मीही माफी बागेतच लिहिली होती. बाग सोपी पडते. चंद्र असतो, बोलायला कुणी मध्ये येत नाही. दुसऱ्या खर्ड्यात पाऊस आणला. तिसऱ्यात नायकाला आजारी पाडलं. तिन्ही वेळा बायकोनं वाचून एकच विचारलं, 'तिला काय मिळालं?' माझ्याकडे उत्तर नव्हतं. मिळत होतं ते त्यालाच. हलकं वाटणं, झोप लागणं, ती.

मग त्या काळातल्या लग्नाचा कायदा नीट वाचला आणि घाम फुटला. लग्न झालं की बायकोची वेगळी कायदेशीर हस्ती जवळजवळ उरायचीच नाही. तिची कमाई नवऱ्याची, सामान नवऱ्याचं, मुलांवर हक्क नवऱ्याचा. मुलांच्या ताब्याबद्दल थोडीशी सवलत १८३९ ला आली, कमाई आणि मालमत्तेचे कायदे १८७० आणि १८८२ ला. म्हणजे ज्यानं एका संध्याकाळी तिची नोकरी घेतली त्याच्याच हातात आपण शेवटच्या पानावर तिचं उरलंसुरलं सगळं देतो, आणि वाचकांनी सुखावावं अशी अपेक्षा करतो.

श्रीमंत घरच्या मुलींचे बाप लग्नाआधी वकील बसवून करारनामा करून घ्यायचे. तिच्या नावे रक्कम विश्वस्तांकडे, वर्षाला अमुक हातखर्च, नवरा गेला तर अमुक उत्पन्न. मोलकरणीच्या बाजूनं टेबलाशी बसणारं कुणीच नाही.

चौथ्या खर्ड्यात म्हणून मी क्रम उलटा केला. नायक आधी दाखला लिहितो. सहा ओळींचा, कोरडा, तारीख-सहीसकट, 'मी चुकीचा आरोप केला' या शब्दांसह. त्याच दालनात, त्याच नोकरांसमोर तो मोठ्यानं वाचतो. राहिलेला पगार देतो, आणि तिच्या नावे विश्वस्तांकडे एवढी रक्कम ठेवतो की तिनं त्याचं तोंडही पाहिलं नाही तरी तिचं भागावं. मग तो निघून जातो. लग्नाचं अवाक्षर नाही. ती तो दाखला घेऊन खरंच दुसरीकडे नोकरी धरते, आणि साठ पानं तो कादंबरीत जवळजवळ नसतो. मागणी त्यानंतर. 'नाही' म्हणून तिचं काही अडणार नाही अशी परिस्थिती आल्यावरच तिच्या 'हो'ला मला किंमत वाटली.

संपादक म्हणतात, साठ पानं नायक नाही म्हणजे वाचक पुस्तक सोडतील. मी अजून हटलेलो नाही.

---

पानोपानी

मी सोडणार नाही. फक्त त्या साठ पानांत त्याचं एखादं पत्र तरी येऊ द्या हो.

---

कच्चा_खर्डा

सात पत्रांचं वाचल्यापासून पत्राचा विचार डोक्यात आहे. पण ती लिहील आणि तो उत्तर देईल, असं करावं म्हणतो. पहिल्याच पत्राला, त्याच दिवशी.

---

निळी_शाई

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री पुस्तक पूर्ण केलं.

३३१ व्या पानावर लेखिका तो प्रसंग आणते, हे तिच्या बाजूनं सांगायला हवं. लग्नाच्या आदल्या दिवशी अर्ल सगळ्या नोकरांना पुन्हा दालनात बोलावतो. माझा श्वास अडकला होता. तो म्हणतो, कंकणाबाबत गैरसमज झाला होता, तो आता दूर झाला आहे. मी ते वाक्य चार वेळा वाचलं. गैरसमज 'झाला होता'. कुणाचा, कुणी केला, कुणाला भोगावा लागला, काही नाही. बागेत तो 'मी, मी, मी' म्हणत होता. दालनात आला आणि 'मी' गळून पडला. कच्चा_खर्डा, तुमच्या नायकाच्या सहा ओळी इथे हव्या होत्या.

पानोपानी, तुमच्यासाठी लिहिते: तो गुडघे टेकतो तिथे काल मला पहिल्यांदा थोडं भरून आलं. तुम्ही म्हणता तसा तो आतून हलला आहे, ते खोटं नाही. फक्त तो हलला हे बघणारी ती एकटीच आहे.

आणि तो सुई उचलून देणारा फूटमन! त्याचा शेवट मी शोधत राहिले. लग्नाच्या प्रकरणात बटलर आहे, हाउसकीपर आहे, कुत्रासुद्धा आहे. तो नाही.

त्याच्यामुळेच एक गोष्ट आठवली, जी वर लिहायची राहून गेली. त्या दिवशी माझी पर्स रिकामी केली तेव्हा लिपस्टिकचं टोपण घरंगळत समोरच्या टेबलाखाली गेलं होतं. तिथे बसणाऱ्या बाईंनी खाली वाकून ते मला काढून दिलं. बोलल्या काही नाहीत. सतरा वर्षांत मी त्यांना कधी फोन केला नव्हता. आज सकाळी दोघातिघांना विचारून नंबर मिळवला आणि केला.

त्यांना मी लगेच आठवले. ख्यालीखुशाली झाली. मग थोडं थांबून त्या म्हणाल्या, 'तेव्हा तुझी काय अडचण होती गं? मला सांगायचं होतंस, मी दिले असते पैसे.'

ते पैसे सापडले होते हे त्यांना आज कळलं. माझ्याकडून.